पत्र आधी वाचणाऱ्या दादांस

टपालपेटी क्र. ४०१७
२७ फेब्रुवारी १९८३

प्रिय उस्तिन्याताई आणि झोसिमदाजी यांना सावाचा नमस्कार.

मी खुशाल आहे. थंडी बेताची आहे. हवामान केंद्रातलं काम नेहमीसारखं चाललं आहे. साहेब लोक ढग मोजतात आणि मी कोठीत बसून थर्मामीटर मोजतो. इथे फार शांतता असते. झाडावरून बर्फ पडलं तरी ऐकू येतं.

मोठी बातमी अशी की सप्टेंबरमध्ये माझी पंचवीस वर्षं पुरी होतात. अठ्ठावन्न साली आलो तेव्हा इथे नुसतं जंगल होतं. तंबूत झोपायचो, सकाळी केस उशीला गोठून चिकटलेले असायचे. आता चार मजली घरं आहेत, सिनेमाघर आहे, तळ्याकाठी बाकं आहेत. सगळं हवामानासाठी. पेन्शन मिळाली की कायमचा गावी यायचं म्हणतो. तुम्हा दोघांशिवाय मला आहे कोण? लग्न राहूनच गेलं. मुलीने पत्ता विचारला की पेटीचा आकडा सांगावा लागायचा, आणि आकड्यावर नांदायला कोण येणार.

दाजींना एक विनंती आहे. मी येईपर्यंत माझ्यासाठी एक होडी करून ठेवा. पण लाकडाचीच. गावात हल्ली धातूच्या होड्यांची टूम निघाली आहे म्हणतात. मला तसली नको, धातूने सांधे धरतात असं आमचे डॉक्टर सांगतात. जुना धातू एक वेळ चालेल, पण नवा तर अंगणातसुद्धा आणू नका. कारण विचारू नका.

तुमचा,
साव्वाती

*

ग्लुबोकी बोर
१९ मार्च १९८३

चिरंजीव सावाला, आणि त्याच्याआधी हे पाकीट उघडून वाचणाऱ्या दादांना, अनेक आशीर्वाद.

दादा, तुमचं नाव मला ठाऊक नाही, पण तुमचा डिंक मी ओळखते. इतकं स्वच्छ चिकटवता की आमच्या पोस्टातल्या बाईने तुमच्याकडे शिकायला यावं. मागच्या पत्रात तुम्ही माझी अळंब्या खारवायची कृती जशीच्या तशी ठेवलीत, त्याबद्दल आभारी आहे. करून बघितली असेल तर मीठ पुरेसं झालं का ते कळवा. कळवता येत नसेल तर राहू द्या.

आता सावा, तू. तुझं ताकाला जाऊन भांडं लपवणं अजून संपत नाही. महिन्यातून दोनदा येर्मोलाय हवालदार वही घेऊन घरोघर येतो. ‘चौदा तारखेला दहा ते दोन पलीकडच्या दलदलीत कोणी जायचं नाही. इथे सही करा.’ कशासाठी रे बाबा? ‘भूगर्भाची पाहणी आहे.’ आम्ही सह्या करतो आणि चौदा तारखेला दहा वाजता बाकं अंगणात काढून आभाळाकडे बघत बसतो. ही भूगर्भाची पाहणी वरून खाली येते, हे आता आमच्या गायींनाही माहीत झालंय. तुला कोठीत तारीख कळते की नाही कोण जाणे. कळत नसेल तर मला विचारत जा.

आणि आभाळातून पडलेला पत्रा कोणी वाया घालवत नाही. अर्ध्या गावाची धुराडी त्याचीच आहेत. न्हाणघरातली घंगाळं त्याची, घसरगाड्या त्याच्या. शेजारच्या अग्राफेनाने तर कोंबड्यांचं खुराडं केलंय. जगातलं सगळ्यात उंच जाऊन आलेलं खुराडं असेल ते. होड्यांचं तर विचारूच नकोस. हलक्या, कुजत नाहीत, डांबर लागत नाही, आणि एकट्या माणसाला ओढून काठावर घेता येतात.

तुझी पत्रं कशी वाचायची हे मी त्रेसष्ट साली शिकले. तू ‘किरकोळ सर्दी आहे’ म्हणून लिहिलंस आणि दोन महिने हॉस्पिटलात पडून होतास. तेव्हापासून मी तुझं उलट वाचते आणि एकदाही चुकलेली नाही. शांतता आहे म्हणजे खिडक्या हादरतात. थंडी बेताची म्हणजे नाक गळून पडायचं बाकी आहे. तेव्हा ‘लाकडाचीच’ वाचल्याबरोबर मी ह्यांना म्हटलं, सावाला धातूची हवी आहे, आणि नवीकोरी हवी आहे. सरकारी माल म्हणून बिचाऱ्याला तसं लिहिता येत नाही.

हे लगेच निघाले. चौदा तारखेलाच एक पिंप पडलं होतं, चार माणसं उताणी झोपतील एवढं. तीन दिवस खपून बर्फावरून ओढत आणलं. आत तळाशी पिवळट पाणी उरलं होतं, ते ह्यांनी अंगणाच्या कोपऱ्यात ओतून दिलं. आधीच्या पिंपांना रॉकेलचा वास यायचा, ह्याला नासक्या माशाचा येतो. मी म्हटलं, कोळ्याच्या होडीला माशाचाच वास हवा, चांगला शकुन आहे.

तेव्हा निश्चिंत राहा. तुझा निरोप आम्हाला बरोब्बर कळला.

तुझी ताई,
उस्तिन्या

*

टपालपेटी क्र. ४०१७
२ एप्रिल १९८३

ताई,

पत्र मिळालं. तू लिहिलेला तो वास वाचला आणि त्या दिवसापासून मला जेवण जात नाही. मी उलट लिहीत नाही, सरळ लिहितो आहे. ती वस्तू घरापासून लांब ठेवा. दाजींना तिला हात लावू देऊ नकोस. कारण असं की

[इथे दोन ओळी काळ्या शाईने पुसलेल्या]

एवढं वाचून तुझ्या लक्षात आलंच असेल. मस्करीवर नेऊ नकोस. शिवाय सांध्यांचं आहेच.

तुझा,
सावा

*

ग्लुबोकी बोर
१६ एप्रिल १९८३

सावाला आणि आधी वाचणाऱ्या दादांना आशीर्वाद.

दादा, दोन काळ्या ओळी पोचल्या. शाई छान सारखी लावली आहे, कुठे डाग नाही. मी कागद दिव्यावर धरून बघितला, काचेला लावून बघितला, काही दिसलं नाही. तुमचं काम चोख आहे.

सावा, तुझ्या दोन ओळींत काय असणार ते मला न वाचता कळलं. धातू उत्तम आहे, दाजींना थांबू देऊ नकोस, हेच ना? ‘मी उलट लिहीत नाही’ असं तू लिहिलंस तेव्हा ह्यांना इतकं हसू आलं की खोकल्याची उबळच आली.

तो खोकला जरा हटत नाहीये. डोळेही चुरचुरतात. म्हणतात, न्हाणघराच्या धुराने. मी म्हटलं, पन्नास वर्षं त्याच धुरात आंघोळ करताय, आजच कसा लागला? पण ऐकतील तर शपथ. दिवसभर शेडमध्ये छिन्नी घेऊन बसतात. पत्रा कापून झाला, बर्फ वितळलं की वाकवून खिळे मारायचे. मऊ आहे म्हणतात, लोण्यासारखा कापला जातो. होडीच्या नाकाडाला तुझं नाव घालायचंय. ‘साव्वाती’ मोठं होतं म्हणून नुसतं ‘सावा’. आमच्या गावात आजवर होडीला माणसाचं नाव देत ते फक्त बुडालेल्याचं. पण हे म्हणाले, इतकी वर्षं त्याचा पत्ता नाही, तो बुडाल्यातच जमा आहे.

आता चिखल सुरू होईल. विमान उतरायचं नाही, नदीत बर्फाचे तुकडे वाहतील. जूनपर्यंत टपाल नाही. दोघेही जपून राहा. दोघेही म्हणजे तू आणि दादा.

उस्तिन्या

*

टपालपेटी क्र. ४०१७
८ जून १९८३

प्रिय ताई,

तुझं एप्रिलचं पत्र चिखलातून वाट काढत परवा मिळालं. मी आनंदात आहे. काळजी अशी काहीच नाही. जेवण भरपूर जातं, झोप उत्तम लागते. सुटी मागितली, ती त्यांनी लगेच आणि हसत हसत दिली. तार करायला गेलो, तर खिडकीवरच्या बाईने मजकूर वाचून ‘जरूर पाठवा’ म्हटलं.

होडीचं मी नीट विचार करून ठरवलं आहे. धातूचीच करा. इतका चांगला पत्रा दुसरा नाही. दाजींना दिवसभर त्याच्याजवळ बसू दे, रात्री होडीतच झोपू दे. खोकल्याला तर तो वास औषधच आहे. जिथे ते पिवळं पाणी ओतलं तिथे भाजी लाव आणि भरपूर खा. डॉक्टरला अजिबात दाखवू नका.

वीस वर्षं माझी पत्रं तू जशी वाचत आलीस तशीच नीट वाचत जा.

तुझा सुखी भाऊ,
सावा

*

ग्लुबोकी बोर
२४ जून १९८३

सावा, दादा, दोघांनाही आशीर्वाद आणि अभिनंदन.

काल चिखलानंतरचं पहिलं टपाल आलं. एकाच पोत्यातून तुझं पत्र आणि वर्तमानपत्र. अग्राफेना वर्तमानपत्र घेऊन अंगणात धावत आली. त्यात छापलंय की आपल्या उत्तरेकडच्या जंगलात रॉकेट सोडायची जागा आहे. बरीच वर्षं आहे म्हणे. तुमच्या शहराचंच वर्णन. मी पुन्हा पुन्हा वाचलं. सगळ्या गावाने वाचलं, पण आश्चर्य वाटल्याचं दाखवायचं की नाही ते कोणालाच कळेना. शेवटी येर्मोलायच म्हणाला, ‘म्हणजे ती भूगर्भाची पाहणी नव्हती?’ तेव्हा कुठे सगळे हसले.

अग्राफेनाच्या रेडिओवर कधीकधी चुकून भलतंच केंद्र लागतं. त्यावर तिने मागेच ऐकलं होतं की विलायतेतल्या एका शाळामास्तरने वर्गातली पोरं हाताशी धरून आकाशातले आवाज मोजले आणि तुमची जागा सतरा वर्षांपूर्वीच शोधून काढली. पोरांच्या गणिताच्या तासाला जे समजलं ते आपल्याकडे छापायला एवढी वर्षं लागली. असो, देर आये.

म्हणून सावा, तुझं पत्र वाचून माझ्या डोळ्यांना पाणी आलं. ह्यांना म्हटलं, बघा, गुपित सुटल्याबरोबर माझा भाऊ माणसासारखं लिहायला लागला. ‘धातूचीच करा’, असं चक्क लिहून टाकलं. तू म्हणतोस नेहमीसारखं वाच. अरे बाळा, आता नेहमीसारखं राहिलं काय? छापून आलं, आता तुला कोण धरणार. सुटी दिली म्हणतोस, मग कधी येतोस? वाट बघते.

तुझं सगळं ह्यांना वाचून दाखवलं. तुझी मायेची विचारपूस ऐकून त्यांना फार बरं वाटलं. तू लिहायच्या आधीपासूनच ते होडीत झोपताहेत. रात्री खोकून मला उठवतात म्हणून शेडमध्ये गेले, होडीत गवत अंथरलंय. खोकला वाढलाय. बोटांची सालं निघताहेत, नखांखाली पिवळं दिसतं. परवा सकाळी उठून बसले आणि थोडा वेळ मला ओळखेनात. दवाखान्यातली बाई म्हणते, म्हातारपण. पण तू औषधाचं लिहिलंस म्हणून जरा धीर आला. भाजीचं बी मी आधीच टाकलंय, पण त्या कोपऱ्यात ते रुजत नाही. तिथे गवतही येत नाही यंदा.

बारा जुलैला संत पेत्राचा सण. त्या दिवशी सगळं गाव काठावर असतं, तेव्हा तुझी होडी पाण्यात सोडायची. मी माशाचं सारण भरून मोठी पोळी भाजणार आहे.

तुझी,
उस्तिन्या

*

टपालपेटी क्र. ४०१७
२ जुलै १९८३

ताई,

आता जे होईल ते होवो.

[इथून पानाच्या खालपर्यंत सतरा ओळी काळ्या शाईने पुसलेल्या]

तुझा सावा

[खाली, समासात, जांभळ्या पेन्सिलीने, वेगळ्या बारीक अक्षरात]

बाई,

हे अक्षर तुमच्या भावाचं नाही. वरच्या ओळी मी पुसल्या. त्या पुसाव्यात असा नियम आहे आणि तो मी पाळला. खाली काही लिहू नये असा नियम मला सापडला नाही.

तुमच्या भावाने लिहिलं होतं ते असं. जुन्या रॉकेटांत रॉकेल असायचं. मार्चमध्ये तुमच्याकडे पडलं ते नव्या जातीचं. त्याच्या इंधनाला नासक्या माशाचा वास येतो आणि ते विष आहे. कातडीतून जातं, श्वासातून जातं. दाजींना आजच शेडमधून बाहेर काढा. अंगावरचे कपडे जाळा. जिल्ह्याच्या हॉस्पिटलात न्या आणि कशाला हात लावला ते डॉक्टरांना सांगा. होडी पाण्यात घालू नका. अंगणाच्या त्या कोपऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी पिऊ नका.

एप्रिलमध्येही त्याने हेच लिहिलं होतं. त्या दोन ओळी पुसणाराही मीच. तुम्ही माझ्या शाईचं कौतुक केलंत. जूनचं पत्र मी चार वेळा वाचलं. त्यात पुसण्यासारखं काहीच नव्हतं म्हणून जाऊ दिलं.

हे उलट वाचू नका.

मीठ बरोबर होतं.

आधी वाचणारा

*

ग्लुबोकी बोर
१६ जुलै १९८३

आधी वाचणाऱ्या दादांना उस्तिन्याचा नमस्कार. हे पहिलं पान तुमचं आहे, सावाने पुढचं वाचावं.

दादा, पत्र नऊ तारखेला आलं. होडी काठावर नेऊन ठेवली होती, सणाला तीन दिवस उरले होते. मी पोस्टाच्या पायरीवरच वाचलं आणि तिथेच बसले. पोस्टातली बाई म्हणाली, कोणी गेलं का? मी म्हटलं, अजून नाही.

मी तुमच्यावर विश्वास का ठेवला ते सांगते. सावाने पंचवीस वर्षांत मला शंभरावर पत्रं लिहिली आणि त्यातल्या एकाही पत्रावर जसंच्या तसं विसंबता आलं नाही. तुम्ही सगळ्या आयुष्यात एकच लिहिलंत. खोटं लिहायचं असतं तर पुसायचा त्रास कशाला घेतला असता?

ह्यांना त्याच दिवशी विमानात घातलं. येईनात. म्हणाले, शेवटचे खिळे मारायचे राहिलेत. मी म्हटलं, खिळ्यांना घाला चुलीत. हॉस्पिटलातले डॉक्टर आधी म्हणाले, म्हातारपण. मग मी तुमची जांभळी पेन्सिल दाखवली. त्यांनी वाचलं, दार लावून घेतलं, पुन्हा वाचलं, आणि सगळी औषधं बदलली. आता बरे आहेत. म्हणजे जगतील. एक फुप्फुस निम्म्याने गेलंय, बोटांना धार समजत नाही. छिन्नी पुन्हा धरायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. आठवडाभर उशीर झाला असता तर तेही सांगायची गरज पडली नसती, असं म्हणाले.

दादा, मी अडाणी बाई नाही. अशी टीप लिहिण्याला तुमच्याकडे काय म्हणत असतील ते मला कळतं. पण आभार मानल्याशिवाय मला घास उतरत नाही. तुमचे हात शाबूत राहोत. सोबत पार्सलमध्ये बरणी पाठवते आहे, पांढऱ्या अळंब्या, तुमच्या आवडीच्या मिठाने. कधी इकडे आलात तर माझं घर काठापासून तिसरं, धातूचं धुराडं नसलेलं. कालच काढून टाकलं.

आता सावा. तुझे दाजी जगले, पण छिन्नी पुन्हा धरायची नाही. रडत बसू नकोस, चूक माझी आहे. तू एकदा खरं बोललास तेव्हा मी उलट वाचलं, आणि उलट बोललास तेव्हा खरं वाचलं. वर्तमानपत्राने घात केला. इतकी वर्षं ते खोटं छापायचे तेव्हा माझं कधी काही बिघडलं नाही.

होडी सहा जणांनी रबरी हातमोजे घालून दफनभूमीपलीकडच्या मातीच्या खड्ड्यात नेऊन पुरली. नाकाडावर तुझं नाव होतं. अग्राफेनाने क्रूसाची खूण केली आणि म्हणाली, भावाला पुरल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, गप्प बस, तो सप्टेंबरात येतोय. नंतर तिने आपलं खुराडंही काढलं. कोंबड्या आता तिच्या ओसरीत झोपतात आणि ती मला शिव्या देते.

उस्तिन्या

*

आर्खांगेल्स्क, विमानतळाचं उपाहारगृह
१८ सप्टेंबर १९८३

ताई,

मी सुटलो. धुक्यामुळे तुमच्याकडचं विमान दोन दिवस अडकलंय, म्हणून इथे बसून लिहितो. पत्र टाकायचं आहे ते शहरातल्या साध्या चौकातल्या पेटीत. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच माझं पाकीट माझ्याशिवाय कोणी चिकटवणार नाही. हातात पेन धरून अर्धा तास नुसता बसलो होतो. काय लिहू नये याचीच सवय झालेली, काय लिहावं ते सुचेना.

तुझं जुलैचं पत्र मला ऑगस्टमध्ये मिळालं. पहिलं पान वरपासून खालपर्यंत काळं होतं. कोणासाठी होतं ते तेवढ्यावरून कळलं. काळं करणारा हात दुसराच होता, शाई ओघळलेली, आणि पाकीट कणकेच्या खळीने चिकटवलेलं. मला दुसरं पान तेवढं वाचायला मिळालं. दाजी जगले हे त्यातूनच कळलं. त्या दिवशी मी कोठीचं दार आतून लावून घेतलं आणि पोट भरून रडलो. एवढं तुला सांगायचंच होतं.

मलाही बोलावलं होतं. तीन साहेब एका टेबलाशी. म्हणाले, तुम्ही गुपित लिहिलंत. मी म्हटलं, दाखवा. त्यांनी तुझ्याकडून परत मागवलेला कागद उजेडात धरला, खालचा समास कापून घेतलेला. सतरा ओळी काळ्या, एक अक्षर दिसेना. बराच वेळ आपसांत बोलले. जे वाचता येत नाही ते फोडलेलं गुपित होत नाही, असं शेवटी ठरलं. उलट पुसणाऱ्याने इतकं नीट पुसलं होतं की मीच निर्दोष झालो. पेन्शन पूर्ण मिळाली. निरोपसमारंभात घड्याळ दिलं, मागे कोरलंय, ‘पंचवीस वर्षं गोपनीयता राखल्याबद्दल’. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्या माणसाला भेटायचं म्हणून मी खूप हिंडलो. तुझी बरणी त्याच्या नावे द्यायची, पण नावच माहीत नाही. टपालाच्या खिडकीवर विचारलं, आधी पत्रं वाचायचे ते साहेब कुठे बसतात? खिडकीवरची बाई म्हणाली, इथे कोणाचीही पत्रं कधीच कोणी वाचली नाहीत. मी म्हटलं, वाचायचे ते आता दिसत नाहीत. म्हणाली, नव्हतेच, तर दिसतील कसे? आपलं शहर आहे असं आता छापून आलंय. पण तो माणूस अजून छापून आलेला नाही. बरणी माझ्या पिशवीत आहे, न उघडता परत आणतो आहे.

दाजींना सांग, छिन्नी धरू नका. त्यांनी काठावर बाकावर बसून फक्त सांगायचं, फळ्या मी तासेन. लाकडाच्या. पहिली होडी वाकडी झाली तर हसायचं नाही. नाव काय घालायचं ते मी येईपर्यंत मनातच ठेव.

आणि तू विचारशीलच म्हणून लिहून ठेवतो. त्या माणसाचं काही झालेलं नाही. त्याची बदली झाली, खाली दक्षिणेला, समुद्राकाठी, ऊब आहे तिथे. पगारही वाढला म्हणतात. तुझ्या आभाराच्या पत्राचा त्याच्याशी काहीएक संबंध नाही.

हे सुलट वाच, ताई.

तुझा,
सावा